उत्तर कुठल्या दारातून गेलं

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आमचा सर्व्हर आहे. त्याला पत्ते तीन.
एक ऑफिसातला, एक नदीवरच्या मापकांसाठी,
एक बॅकअपचा, जो फारसा कुणाला ठाऊक नाही.
यंत्र एकच. पंख्याची घरघरही एकच.

सॉकेट बांधताना पत्त्याच्या जागी
मी चार शून्यं लिहिली होती.
म्हणजे थाप कुठल्याही दारावर पडो, ऐकू येईल.
तेव्हा ते मला औदार्य वाटलं.
(आळसही असेल. शुक्रवार होता.)

मंगळवारी रात्री टे नदी चढायला लागली
आणि पर्थकडचा सात नंबरचा मापक
पडद्यावर लाल झाला: संपर्क नाही.
तो तर विचारत होता, दर दहा सेकंदांनी,
पोचलं का? पोचलं का?
आणि आमचा सर्व्हर इमानाने सांगत होता, पोचलं.
दोघांच्याही नोंदी खऱ्या.

फर्गस म्हणाला, केबल. मॉराग म्हणाली, फायरवॉल.
मी एकेक पाकीट उलगडत बसले.
प्रश्न आला होता नदीच्या दारी
आणि उत्तर निघालं होतं बॅकअपच्या दारातून.
राउटिंगच्या तक्त्याला तीच वाट बरी वाटली,
तक्ता कुणाला विचारून चालत नाही.
मापकाने पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला,
ह्याला कुठे मी काही विचारलं होतं?
आणि न फोडताच टाकून दिलं.
त्याची चूक नाही. असं वागायला
मीच शिकवलंय त्याला.

मध्ये कधीतरी मोबाइल मेला होता.
मरण्याआधी त्यावर मावशीचा एक मेसेज, इचलकरंजीहून:
"काकांना आत घेतायत. कागदावर सही करू का? फोन कर."
तिचा नंबर पाठ होता.
ऑफिसच्या फोनवरून लावला. तीनदा.
तीनदा तिने कापला.

पाच वाजता पंधरा ओळी लिहिल्या.
पाकीट आलं की कर्नलला विचारायचं,
हे कुठल्या दारी पडलं होतं?
आणि उत्तरावर तोच पत्ता घालायचा, दुसरा नाही.
कर्नल सांगतो. विचारलं तर.
सात नंबर हिरवा झाला तेव्हा
पाणी पायरीच्या चार बोटं खाली होतं
आणि खिडकीत एक सीगल कुणाचं तरी सँडविच फाडत होता.

चार्जर मिळाल्यावर मावशी बोलली.
"कुठला तरी परका नंबर सारखा येत होता गं,
बँकवाले चोर असतील म्हणून कट केला.
तुझ्या फोनची वाट बघत होते.
मग केली सही. काय करणार."
काका बरे आहेत. पथ्य पाळत नाहीत.

मी तिला काही समजावलं नाही.
पण तो नंबर तिने आता नाव घालून ठेवलाय:
शाल्मली गिरणीत.