ताण

तोमोएची पहिली रॅकेट माझ्याकडे आली तेव्हा
मुठीवर तिच्या भावाचं नाव होतं, खिळ्यानं खरवडलेलं.
"काका, किती पौंड?"
मी विचारायचं ते तिनंच विचारलं. वय नऊ,
हातमोज्यांवर बर्फ.
अठरा, म्हणालो.
अठराला जाळी सैल असते, चुका पोटात घालते.

आमच्या साकाताला वारा समुद्रावरून येतो
आणि दुकानाची पाटी वर्षातून दोनदा घेऊन जातो.
शाळेच्या हॉलमध्ये मात्र त्याला मज्जाव.
ऑगस्टातही खिडक्या बंद, पडदे ओढलेले,
झुळूक लागली तरी फूल बहकतं म्हणून.
त्या भट्टीत चाळीस मुली,
आणि त्यांच्या घामाचे थेंब फडक्यानं टिपत
गुडघ्यांवर सरकणारी ही, सगळ्यात धाकटी.

फुलाला पिसं सोळा,
सगळी एकाच बाजूच्या पंखातली.
डावं-उजवं मिसळलं की त्याची फिरकी बिघडते,
असं मी तिला समजावलं, तर म्हणाली,
"मग दुसऱ्या पंखाचं काय होतं?"
काहीतरी पुटपुटून मी चिमटा शोधू लागलो.

बावीसला ती जिल्ह्यात पहिली आली.
चोवीसला बँकेच्या संघात:
सकाळी काउंटरवर, गळ्यात निळा रुमाल,
म्हाताऱ्यांची पेन्शन दोनदा मोजायची,
दुपारी दोननंतर रात्रीपर्यंत कोर्ट.
सत्तावीसला रॅकेटी पार्सलानं येऊ लागल्या,
हनोईहून, कॅलगरीहून, एका जर्मन गावाहून
ज्याचं नाव माझ्या जिभेला वळत नाही.
चिठ्ठीत फक्त आकडा.
पात्रता फेऱ्या सकाळी नऊच्या, खुर्च्या रिकाम्या,
हे मला तिच्या आईनं सांगितलं.

जगात एकतिसावी झाली त्या दिवशी
शेजारचा तोफूवाला म्हणाला, एकतीस म्हणजे जरा खालीच की.
मी त्याच्याकडून तोफू घेणं बंद केलं.
दीड महिना.

तुटलेली तार खोटं बोलत नाही.
मधोमध तुटली तर पोरगी वेळेवर पोचली होती.
कडेला तुटली तर अर्धं पाऊल उशीर.
त्या वसंतात सहा रॅकेटी आल्या,
सहाही कडेला तुटलेल्या.
फोन हातात घेतला, ठेवला.
तार ओढणाऱ्यानं काय सांगायचं?
बावीस दिवसांनी पेपरात आलं: उजवा गुडघा.
ते बावीस दिवस अजून माझ्या खात्यावर आहेत.

चौदा महिन्यांनी चिठ्ठी आली. पंचवीस.
मी तेवीसच ओढले.
तिला कळलं असणार. ती बोलली नाही.

डिसेंबरात निइगाताला गाडी बदलून तोक्योला गेलो.
समोर सतरा वर्षांची मुलगी, दातांना तार बांधलेली.
तिसरा गेम, वीस-एकवीस.
फूल उंच गेलं, दिव्यांत हरवलं, मागच्या रेषेकडे उतरू लागलं,
आणि तोमोएनं ते सोडलं.
सतरा वर्षांत तिला काही सोडताना मी पाहिलं नव्हतं.
रेषेवर पडलं.
ती वाकली, फूल उचललं,
मुडपलेलं एक पीस बोटानं सरळ केलं
आणि जाळीखालून त्या पोरीला दिलं.

फेब्रुवारीत दुकानात आली. बँकेचा कोट,
काखेत शेवटची रॅकेट, तारा शाबूत.
ताण ठेवून कपाटात ठेवली की चौकट वाकते,
हे तिला माहीत होतं. कात्री मागितली.
मध्यापासून बाहेर, म्हणालो, आडवी-उभी आळीपाळीनं.
एकेक तार सुटताना
चिमणी दचकावी तसा आवाज.
शेवटी नुसती चौकट उरली,
तिच्यातून तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि विचारलं, "किती?"

कापायचे पैसे मी घेत नाही.
तरी तिनं नाणी काढली,
काउंटरवर मोजली,
मग पुन्हा एकदा मोजली.