हात लागलेली पानं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर मासेपालनाची कचेरी,
रात्रीचे दोन, रान्वा एकटी.
खाडीत सॅल्मनचे अठरा पिंजरे
आणि अठरा कॅमेऱ्यांचा भार या एका म्हाताऱ्या संगणकावर.
कर्सर हलतो, थांबतो,
गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा पायरीपायरीला टेकतो.

पेज फाइल हानुसनं काढून टाकली होती.
"डिस्क झिजते उगाच," म्हणाला,
"आठ जीबी आहे की. पुरे झाली."
आणि तीन आठवड्यांपूर्वी ट्रॉलरवर चढून
तो गेला बॅरेंट्स समुद्रात.

पेज फाइल म्हणजे फार काही नाही,
डिस्कच्या मागच्या अंगाला काढलेली पडवी.
आत दाटी झाली की आज नको ते तिथं टाकावं,
लागलं की आणावं.
ती पडवीच पाडली.

आता मेमरीत पानं आहेत.
काही जशी आली तशीच, प्रोग्रामच्या छापील ओळी,
एक अक्षर खोडलेलं नाही.
ती खुशाल टाकून द्यावीत, मूळ प्रत डिस्कवर आहे.
काही हात लागलेली.
त्यांतही ज्यांच्या मागे फाइल आहे
ती कानावरची खूण पाहून मेंढ्या जाव्यात तशी
आपापल्या कुंपणात परततात.
उरतात बिनखुणेची.
त्यांची जगात दुसरी प्रत नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
संगणक त्यांना बदललेल्यांच्या रांगेत उभं करतो
आणि रांग जिथं पोचायची
ती खिडकीच भिंतीत नाही.

मग तो जे घडीघडीला लागतं तेच फेकतो.
कॅमेऱ्याच्या प्रोग्रामची ओळ टाकतो,
क्षणात तीच मागतो,
वाचतो, टाकतो, पुन्हा वाचतो.
डिस्कचा दिवा लुकलुकत नाही, नुसता जळतो.
आणि कुणी ढुंकूनही न पाहिलेलं
छातीशी घट्ट.

रान्वाला हसू आलं.
घरी तिला पाव कापायची सुरी कधी सापडत नाही,
पण ड्रॉवरमध्ये नऊ वर्षांपूर्वीचं बोटीचं तिकीट आहे,
मागं पेन्सिलीनं लिहिलेला नंबर.
कुणाचा, ते आठवत नाही.
टाकवतही नाही.

'मेमरी कमी आहे. काही प्रोग्राम बंद करा.'

यादीत सगळ्यात वर
कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, पाच जीबी, अजून फुगतंय.
सगळ्यात खाली एक नोटपॅड.
नाव नाही, सेव्ह नाही, हानुस गेला त्या दिवसापासून उघडं.
एवढ्याशा मजकुराचं ओझं ते काय!
गुन्हेगार वरचाच.
पण यंत्र कोसळलं असतं तर
वरच्याचे मासे उद्या पुन्हा दिसले असते.

खिडकी वर यायला चाळीस सेकंद लागले.
'श्यूर्दुर, बाबांची नाव मी विकली. तुला विचारायला हवं होतं, पण'

पुढं काही नाही.
रान्वानं नजर काढून घेतली,
जणू दार न वाजवता आत शिरली होती.
सेव्ह.
काय नाव द्यायचं, संगणक विचारतो.
तिनं चहाचा कप उचलला, रिकामा होता, ठेवला.
मग लिहिलं: हानुसचं, अर्धवट.
कानाला खूण झाली.

मग रेकॉर्डिंग बंद केलं.
पंख्याचा आवाज उतरला.
अठरा चौकोन काळे पडले, मिनिटभर,
आणि त्या मिनिटात खाडीतले मासे
कुणी बघत नसताना
गोल गोल फिरतच राहिले असावेत.

पेज फाइल परत लावायची, तर पासवर्ड हवा.
तो हानुसकडे.
हानुस रेंजच्या बाहेर,
जाळी ओढत, थंडीत,
त्या 'पण'च्या पुढचं वाक्य
कुठंच न उतरवता.