डाग

विट्याच्या पेठेत, पिठाच्या गिरणीला लागून
आमचं दुकान. पाच फूट बाय नऊ.
बाप दिवसभर फुंकणी ओठाला लावून,
म्हणून घरात बोलणं कमी.

चौदाव्या वर्षी माझ्या हातात पहिलं काम आलं:
कुसाबाई मेटकरींच्या नातवाचा तुटका वाळा.
डाग द्यायचा होता.
(दागिन्यालाही आम्ही डागच म्हणतो,
आणि कुसाबाईंच्या पदरावर होता, तोही डाग.)
मी तुटकी टोकं घासून घासून आरसा केली,
बोटानं पुसली, पुन्हा पुसली,
त्यात स्वतःचा डोळा बघून घेतला.
मग सवागी, मग ज्योत.
डाग वितळला आणि गोळा होऊन बसला,
सोयरिकीत मान न मिळालेल्या मामासारखा.
चिमटा हलला की घरंगळायचा.

बापानं फुंकणी काढली. "बोट लावलंस.
बोटाचं तेल तुला दिसत नाही, त्याला दिसतं."
चिंचेच्या पाण्यात धुतलं,
मग कानशीच्या टोकानं
माझ्या आरशावर ओरखडे ओढले, एकाच दिशेनं.
"जिकडं न्यायचाय तिकडं ओढ.
आडवी रेघ म्हणजे बांध. तिथं अडतो."

पुन्हा ज्योत.
डाग क्षणभर थांबला
आणि रेघारेघांतून असा गेला
जसं टेंभूचं पाणी पहिल्यांदा आमच्या सरीत शिरलं,
आणि चुलते त्याच्या पुढं अनवाणी चालत होते,
मागं बघत बघत.

पुढं सांगलीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत
घासकागदाचे नंबर: एकशेवीस, चारशे, हजार.
थेंबाचा कोन मोजायचा, वहीत भरायचा.
साफ तांब्यावर खरखर वाढवली, थेंब पसरला.
मेण चढवलेल्या तांब्यावर तेवढीच खरखर,
आणि थेंब आणखी ताठ.
तीनदा मोजलं. तेच.
खरखरीला स्वतःचं मत नसतं,
धातूच्या मनात असेल ते
ती मोठ्यानं बोलते, एवढंच.

रात्री फोन लावला. मागं गिरणीची घरघर.
"मेणावर ओरखडे काढले तर काय होतं?"
"रुसलेल्याला डिवचल्यावर होतं ते," बाप म्हणाला.
"तुला आज कळलं, पोरी?"
गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून दिला.

तो वाळा आता कुसाबाईंच्या पणतवाच्या पायात.
सांधा शोधून सापडत नाही.
नख फिरवलं तर बाहेरच्या अंगाला
तिळाएवढी जागा खरखरीत लागते.
तेवढी बापानं घासली नव्हती.
का, ते विचारायचं राहिलंय.