शेवटचे चार आकडे

कुतैसी, रात्रीचे दोन.
रेडिओवर तिघे म्हातारे गातायत,
सदुसष्ट साली गुरियातल्या कुणाच्या तरी ओसरीवर टेप केलेले.
ते गाणं ज्या चार डिस्कांवर पसरलंय
त्यातली एक आचके देतेय.

"प्रसारण थांबवायचं?" मी विचारलं.
लमारा हसलीसुद्धा नाही.
"पंगत बसलेली असताना दिवे घालवतात का?"

यंत्राला तिनं आधी सांगितलं, ही गेली असं धर.
मग, हिला मोजू नकोस.
पडद्यावर उमटलं: यू, यू, आडवी रेघ, यू.
पडलेल्या दाताकडे जीभ जावी
तशी माझी नजर पुन्हापुन्हा त्या रेघेवर.

खणावर चिकटपट्टी, निळ्या शाईत तीन.
मी कडीला हात घातला.
"आकडे वाच."
बॅटरी दातांत धरून फटीतून वाचले.
तिच्या वहीशी जुळेनात.
"चिठ्ठ्या दावितनं लावल्यात," ती म्हणाली,
"आणि दावित खालून मोजायचा."
जुळले ते 'दोन' लिहिलेल्या खणात:
सात, शून्य, नऊ, के.
तळहात पँटला पुसले.
एक जाणं परवडतं. दुसरं नाही.

बोटभर ओढून थांबलो. तीस अंक मोजले.
आतली चकती मंदावत गेली,
भोवरा कलंडण्याआधीची थरथर मनगटापर्यंत आली,
मग नुसतं गरम लोखंड.

नवी सरकवली. यंत्राचं लक्षच नाही.
लमारानं तीन आडव्या रेघा टाइप केल्या,
म्हणजे म्हणे, "बघ जरा, कोण आलंय."
जागा तीच, नाव वेगळं.
आणि उरलेल्या तिघी कामाला लागल्या,
कणाकणानं हिशेब जुळवून
गेलेलीनं काय सांगितलं असतं ते नवीला लिहून देऊ लागल्या.

गाण्यात कुठेच खळ नव्हता.
"खालचा सूर माझ्या बापाचा," लमारा म्हणाली.
मी म्हटलं, तो गेल्यावर? दोघांवरून तिसरा...
"दोघं वर्षभर यायचे आमच्याकडे. गायचे नाहीत.
नार्दीचा डाव मांडायचे.
तिसरा पेला भरायचे, आणि जाताना
आई तो अंगणात ओतायची."

तीन पूर्णांक एक टक्का. अजून अकरा तास.
उरलेल्या तिघी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या,
हे आम्ही दोघंही बोललो नाही.
तिनं खुर्ची ओढून यंत्राला पाठ टेकवली.
"झाडायला एतेरी येईल सहाला," म्हणाली,
"तिला सांग, आज या खोलीत प्लगला हात नको."