डब्याचा तळ

आमच्या पैशाचं नाव सेडी.
सेडी म्हणजे कवडी, जुन्या बोलीत.
म्हणून कुणी कवडीमोल म्हटलं
की आक्रा शहरात आम्ही जरा दचकतो.
हे मला अग्बेकोबाईंनी सांगितलं,
गाडी सिग्नलला थांबली तेव्हा,
आणि मग खिडकीबाहेर बघत राहिल्या
जणू काचेपलीकडे कुणी हिशेब मागत उभं आहे.

बँकेच्या गव्हर्नर. नोटेवर सही त्यांची.
गाडीत मात्र चपला काढून बसतात.

त्या शनिवारी हरमाटनची धूळ होती.
माकोला बाजारात कोर्कोर ओदोईने टोमॅटो मोजले
ओलोंकाच्या पत्र्याच्या डब्याने, चांगली शीग लावून.
भाव तोच, गेल्या महिन्याचा.
बाईंनी डबा घेतला, उलटा केला.
तळ आत ठोकलेला. तीन बोटं.
कोर्कोर हसली नाही, लाजलीही नाही.
नोट उजेडात धरून म्हणाली,
"ही सही तुमचीच ना?
माझा डबा मी ठोकते, चारचौघांत.
तुमचा कोण ठोकतं?"

बाईंनी डबा विकत घेतला.
टोमॅटो तिथेच विसरल्या.

सोमवारी मंत्र्यांचा फोन आला, गाडीतच.
मला नेहमी एकच बाजू ऐकू येते.
"नाही."
मग जुन्या बंदरापर्यंत काहीच नाही.
"निवडणूक तुमची आहे, साहेब,
पण छापखाना माझाही नाही."
मग पुन्हा "नाही",
पहिल्यापेक्षा हळू.

बैठकीत म्हणे डबा टेबलावर होता,
पाण्याच्या बाटल्या आणि सात जणांच्या मधोमध,
पालथा.
कुणी त्याच्याबद्दल बोललं नाही.
संध्याकाळी व्याजदर वाढला.

गुरुवारी भावाच्या ट्रोट्रोचा हप्ता वाढला.
त्याने मला शिव्या घातल्या, बाईंच्या वाटच्या.
मी त्या गिळल्या, आणि सकाळी
आरसा किंचित खाली वळवला.
विचारणार होतो.

मागे बाई चपला काढून बसलेल्या,
डबा मांडीवर,
दोन्ही अंगठ्यांनी आतून
तळ बाहेर रेटत होत्या.

मी आठ वर्षं पत्राकाम केलंय.
दबलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही,
घडी राहते,
आणि घाई केली तर तिथेच फाटतो.

टक् असा आवाज आला.
थोडासा आला बाहेर, करंगळीएवढा.
बाईंनी वर पाहिलं नाही.
हिरवा दिवा कधीचा लागला होता.
मी हॉर्न न वाजवता गाडी काढली.