उसना आरसा

माझ्या टपरीत एक आरसा आहे,
डाव्या कोपऱ्याला तडा गेलेला.
त्याला स्वतःची गाडी नाही.

गाडीला पंधरा भरली की पहिली परीक्षा,
मग दर पाच वर्षांनी.
तारीख जवळ आली की लोक विचारत विचारत
गोळीबार चौकात येतात.
"हेडाऊभाऊ, पास होईन का?"
आमच्या बोलीत गाडीही होईन आणि मीही होईन,
विचारणारा नेमका कुणाचं विचारतो
ते कळत नाही.

इंजिनाकडे मी बघतही नाही.
धूर केंद्रावर भागतो,
ग्रीन टॅक्स खिडकीवर.
म्हाताऱ्या गाड्या अडतात फुटकळ जागी:
ब्रेक दाबला तरी मागचा दिवा लागत नाही,
हॉर्नचा घसा बसलेला,
पाटीवरचा सात झिजून एक झालेला.
आणि आरसा.
आरसा कुणालाच नसतो.
बर्डीच्या गर्दीत मागे बघायला
वेळ कुणाला आहे?

म्हणून माझा आरसा जातो,
फडक्यात गुंडाळून, पान्यांच्या पिशवीत.
साडेदहाला पौनीकर मास्तरांच्या येझदीवर,
बाराला शमीमच्या आरएक्सवर,
जेवणानंतर रोझलीन सिस्टरच्या राजदूतवर.
गाडी नवऱ्याची,
नवरा भिलाईला गेला तो गेलाच,
सही मात्र त्याचीच लागते,
ती सिस्टरला छान जमते.
चौदाचा पाना, चार आटे, झालं.

मे महिना. आरटीओच्या मैदानात
सीटवर ओला दुपट्टा टाकला
तर बसेपर्यंत वाळतो.
ढेंगरे साहेब गुडघ्यावर बसतात,
चेसिसवर कागद धरून पेन्सिल फिरवतात.
कागदावर आकडे हळूहळू उगवतात,
लहानपणी आपण रुपयाचं नाणं काढायचो तसे.
राजदूतचा एक आकडा गंजाने खाल्ला होता.
पॉलिश पेपर घासला, पेट्रोल लावलं,
साहेबांनी फुंकर मारली,
तेव्हा कुठे तीन निघाला,
आठही असू शकला असता.

मग उठून त्यांनी आरशात बघून
भांग नीट केला. दरवेळी करतात.
हात तसाच डोक्यावर ठेवून म्हणाले,
"हा आरसा सकाळपासून तिसऱ्यांदा पाहून राहिलो."
मी पिशवीतले पाने मोजू लागलो.
"गेल्या साली बी हाच होता. त्याच्या आधी बी."
"साहेब..."
"माह्ये केस यातच पांढरे झाले बे."

शमीम हसला आणि गप्प झाला.
राजदूत नापास.
मागच्या दिव्यावर. आरशाचं त्यांनी लिहिलंच नाही.
सिस्टर म्हणाली, बरं झालं,
आणि का बरं झालं ते सांगितलं नाही,
गाडी ढकलत व्हरायटी चौकाकडे निघाली,
मी आरसा काढायचाही विसरलो.
दोन दिवसांनी मेडिकलच्या शिपायाने तो आणून दिला,
पुसून, वर्तमानपत्रात बांधून.

जून सरला. साहेब रिटायर झाले.
हारातुऱ्यांचा फोटो कुणीतरी फोनवर दाखवला.
जुलैत एका दुपारी टपरीपुढे गाडी थांबली,
काळी, टाकीवर पोचे,
जिथे आरसा बसतो तिथे
रिकामं भोक, त्यात कोळ्याचं जाळं.
"माह्यी तारीख नऊची हाय," म्हणाले.
"तिथं आता नवी पोरगी हाय, गोंदियाची.
लय वाकून पाहते म्हणे."

मी पिशवीकडे हात नेला.
"तो नको," म्हणाले. "नवा लाव."
नव्वद रुपये मोजून दिले,
सुटे नव्हते तर थांबून राहिले.
आरसा बसला. त्यात बघितलंही नाही त्यांनी.
हँडलवर हात ठेवून, खाली बघत,
"पास होईन का बे?"

मी मागे जाऊन उकिडवा बसलो.
म्हटलं, साहेब, ब्रेक दाबा.
दाबा.
परत एकदा दाबा.