वळकटी

सकाळचे सहा दहा.
मीना सक्र बंदर, रस अल खैमा.
जमिनीपासून चाळीस मीटर वर काचेची केबिन,
आत मी,
आणि खाली तारेला लटकलेली चौदा टन चुनखडी.
वारा पडलेला. इतका,
की धक्क्यावर कुणी खाकरलं तरी वर ऐकू यावं.

मग वायव्येकडून, समुद्रावरून,
एकच ढग आला.
आडवा, नळीसारखा.
त्याची टोकं कुठे होती, मला दिसली नाहीत.
पुढे आभाळ कोरं, मागे आभाळ कोरं,
मध्ये ही गुंडाळलेली वळकटी,
दोरी तेवढी बांधायची राहिलेली.

दाभोळहून निघताना मीही अशीच एक खांद्यावर घेतली होती.
सतरंजी, आत दोन चादरी,
चादरीत तळलेल्या गऱ्यांची पुडी.
विमानतळावर उलगडायला लावली त्यांनी.
पुन्हा तितकी घट्ट
कधी बांधता आली नाही.

ढग जवळ आला तेव्हा नीट पाहिलं.
येत होता पुढे, पण गरगरत होता मागे.
पुढची कड वर चढायची,
मागची खाली बुडायची,
आगरातला रहाट कुणी उलटा सोडावा तशी.
आणि आवाज नाही. रहाट निदान कुरकुरतो.

"उस्ताद, रोको!" रेडिओवर गुलजान.
रोखलं.
धक्का आला, केबिन झुलली,
काचेला आतून हात लावला तर गार,
चौदा टन एकदा किनाऱ्याकडे, एकदा पाण्याकडे.
मोबाइल खाली लॉकरात. नियम आहे.
मग ऊन. कुरव पक्षी परत धक्क्यावर.
शिफ्टच्या वहीत लिहिलं:
६.१० ते ६.१८ काम बंद. कारण: वारा.
कारणाच्या रकान्यात तेवढंच मावतं.

हवामान कचेरीतला तंकच्चन
थर्मासातला चहा झाकणात ओतत म्हणाला,
ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला एक गाव आहे,
तेही एका आखातावरच, दुसऱ्या.
तिथे हे ढग वर्षातल्या ठरल्या दिवसांत येतात, पहाटे.
आदल्या रात्री गुत्त्यातल्या फ्रिजच्या काचेवर दव धरतं,
लाकडी टेबलांचे कोपरे वाकतात,
आणि लोक ओळखतात, उद्या.
विमानं घेऊन जातात त्याच्या पाठीवरून घसरायला.
बाकी जगात कुठेही, केव्हाही, न कळवता.
"आपण त्या 'बाकी'त," तंकच्चन म्हणाला,
आणि झाकण माझ्यापुढे सरकवलं.

रात्री शालनला फोन.
"पाऊस पडला?"
नाही.
"थेंबभरही?"
नाही गो.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला असावा.
"मग एवढा मोठा येऊन केलंन काय त्याने?"

काम थांबवलंन, मी म्हटलं. आठ मिनिटं.

"मग चांगला होता की."